मुलीचे करडू : मैत्रीभावनेचे पहिले शिक्षण

लहान मुलीच्या स्वाधीन तिचा स्वतःचा असा एखादा प्राणी करावा काय, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती आणि किरकोळ वाटतो. परंतु नांदेड व लातूर जिल्ह्यांतील उपासक-उपासिका तो जेव्हा आम्हांस विचारतात, तेव्हा त्यामागे बहुधा दोन प्रश्न असतात. मुलगी करडासाठी हट्ट धरून बसली आहे, ते तिला द्यावे की न द्यावे, हा पहिला. दिले, तर पुढे ते बाजारात नेताना तिला काय सांगावे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर फारसे अवघड नाही. दुसरा प्रश्न मात्र कठीण आहे. कारण त्यात पंचशीलांपैकी पहिले आणि चौथे अशी दोन शीले एकाच वेळी गुंतलेली आहेत. प्रस्तुत लेखात या दोन्ही प्रश्नांचा पालि वाङ्मयाच्या आणि आपल्या परिसरातील वस्तुस्थितीच्या आधारे विचार करावयाचा आहे.

आपल्याकडे मुलांच्या वाट्यास येणारा प्राणी म्हणजे शहरी घरातील विदेशी कुत्रा किंवा काचेच्या पेटीतील मासा नव्हे. तो बहुधा करडू, कोंबडीचे पिल्लू, मांजराचे पिल्लू किंवा गल्लीतील कुत्र्याचे पिल्लू असतो. लातूर, उदगीर, तुळजापूर हा तर उस्मानाबादी शेळीचा मूळ प्रदेश. काळ्या रंगाची, काटक आणि बहुधा जुळी करडे देणारी ही शेळी भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबांचा मोठा आधार आहे. पाच महिन्यांच्या गाभणकाळानंतर शेळी व्याली, की घरातील मुलीने त्यांतील एक करडू 'हे माझे' म्हणून निवडावे, ही खेड्यापाड्यांतील नेहमीची गोष्ट आहे. म्हणून आमच्या विवेचनात करडू हेच मुख्य उदाहरण धरले आहे.

'माझे' या शब्दाचा अर्थ

मूल प्राण्यास 'माझे' म्हणते तेव्हा त्याच्या मनात दोन भावना एकत्र असतात. एक प्रेमाची, दुसरी मालकीची. या दोहोंतील भेद त्याला समजावून देणे हे या शिक्षणाचे पहिले सूत्र होय. सिद्धार्थ आणि देवदत्त यांच्यातील जखमी हंसाची कथा सर्वांस परिचित आहे. ही कथा पालि निकायांत आढळत नाही. ती उत्तरेकडील बुद्धचरित्रपरंपरेतून आली आहे. तरीही बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या बालपणातील गुण सांगताना तिला आवर्जून स्थान दिले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्या वादाचा निवाडा असा झाला की, जीव घेऊ पाहणाऱ्याचा पक्ष्यावर अधिकार नाही. जीव वाचविणाऱ्याचा आहे. म्हणजेच प्राण्याच्या बाबतीत 'माझे' या शब्दाचा अर्थ 'याची जबाबदारी माझ्यावर आहे' एवढाच होतो.

आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्गा'त याच भेदाचे सूक्ष्म विवेचन केले आहे. प्रत्येक ब्रह्मविहाराला एक दूरचा आणि एक निकटचा शत्रू असतो, असे ते सांगतात. मैत्रीचा दूरचा शत्रू द्वेष. तो सहज ओळखू येतो. निकटचा शत्रू मात्र राग, म्हणजे आसक्ती. आणि ती मैत्रीसारखीच दिसत असल्यामुळे ओळखणे कठीण जाते. मांजराचे पिल्लू घट्ट कवटाळून ठेवणारी मुलगी त्याचा द्वेष करीत नसते. परंतु पिल्लू सुटण्यासाठी धडपडत असताना ती त्याला सोडत नाही, तेव्हा तिची मैत्री आसक्तीत बदललेली असते. ते धडपडते आहे, म्हणजे त्याला आत्ता एकटे राहावयाचे आहे, असे तिला त्या क्षणी शांतपणे सांगणे हा मैत्रीभावनेचा प्रत्यक्ष पाठ आहे.

हा पाठ दटावून देण्यापेक्षा प्रश्न विचारून द्यावा, असे तथागतांच्या पद्धतीवरून दिसते. 'उदाना'त एक प्रसंग आहे. श्रावस्ती आणि जेतवन यांच्या दरम्यान काही मुले मासे पकडून त्यांना पीडा देत होती. भगवंतांनी त्यांना शिक्षा केली नाही, पापाचे भयही घातले नाही. तुम्हांला दुःखाची भीती वाटते काय, दुःख तुम्हांला नकोसे आहे काय, असे त्यांनी विचारले. मुलांनी होकार दिला, आणि त्या होकारातूनच पुढील उपदेश आला. स्वतःवरून दुसऱ्यास जाणावे, हे 'धम्मपदा'तील दण्डवग्गाचे सूत्रही हेच आहे. सहा-सात वर्षांच्या मुलीस तत्त्वज्ञान कळणार नाही. पण तुझे केस ओढले तर दुखते ना, मग करडाचा कान ओढल्यावर काय होत असेल, हे तिला निश्चित कळते.

सांभाळ म्हणजे काय

प्रेम वाटणे निराळे आणि सांभाळ करणे निराळे. सांभाळात काय काय येते, याची एक उत्तम यादी विनयपिटकात व अंगुत्तरनिकायात सापडते. ती रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्याच्या गुणांची यादी आहे. चांगला शुश्रूषक औषध तयार करू शकतो. पथ्य कोणते व अपथ्य कोणते हे जाणतो आणि पथ्य तेवढेच रुग्णापुढे ठेवतो. लाभाच्या आशेने नव्हे, तर मैत्रीचित्ताने सेवा करतो. मलमूत्र, वांती काढताना त्याला किळस येत नाही. आणि तो वेळोवेळी धम्मकथेने रुग्णास धीर देतो. मुक्या जीवास धम्मकथा सांगता येत नाही. परंतु पहिले चार गुण तंतोतंत लागू पडतात.

पथ्य जाणणे म्हणजे करडाला जन्मल्यानंतर पहिल्या काही तासांतच चीक मिळाला पाहिजे, सुरुवातीचे तीनेक महिने त्याचा मुख्य आधार आईचे दूध असते आणि कोवळा पाला त्याला हळूहळूच लागतो, हे मुलीला ठाऊक असणे. लाडाने भाकरी किंवा धान्य ओंजळीने भरविले तर पोट फुगून करडू दगावू शकते, हेही तिला सांगितले पाहिजे. औषधाचा भाग मोठ्यांचा. जंताचे औषध केव्हा द्यावे, आंत्रविषार आणि पीपीआर यांच्या लसी केव्हा टोचाव्यात, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. त्या वेळी मुलीलाही सोबत न्यावे. उदगीर येथे पशुवैद्यकांचे महाविद्यालय आहे. आपल्या लेकी पुढे तेथे विद्यार्थिनी म्हणून जाव्यात, याची सुरुवात अशा एखाद्या फेरीतूनही होऊ शकते.

चौथ्या गुणाविषयी, म्हणजे घाण काढण्याविषयी, आपल्या समाजात थोडे थांबून बोलावे लागते. जनावरे आणि आपण यांच्या संबंधाला एक इतिहास आहे. मेलेले जनावर ओढण्याचे काम जन्मावरून आपल्या पूर्वजांवर लादले गेले होते. मार्च १९२७ मध्ये महाड येथील परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्याचे आवाहन केले, आणि १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूर येथील भाषणातही त्यांनी या विषयाचा परामर्श घेतला. त्यामुळे 'आमच्या मुलीने लेंड्या कशाला झाडाव्यात?' असे एखाद्या पालकाने विचारले, तर त्यामागील दुखरी जाणीव आम्ही समजू शकतो. परंतु येथे भेद आहे. जातीने लादलेले काम माणसाचा स्वाभिमान हिरावून घेते. आपल्यावर अवलंबून असलेल्या जीवासाठी स्वेच्छेने केलेली स्वच्छता माणसाला मोठे करते. अतिसाराने ग्रस्त होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले, हे आपण विसरू नये. मात्र घाण काढण्याचे काम घरातील मुलीनेच करावे आणि मुलाने केवळ खेळावे, अशी वाटणी असेल तर ती जुन्या विषमतेचीच नवी आवृत्ती ठरेल.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या घरातही प्राण्याला स्थान होते. फेब्रुवारी १९३४ मध्ये राजगृहात घेतलेल्या प्रसिद्ध कौटुंबिक छायाचित्रात यशवंत, बाबासाहेब, माता रमाई, लक्ष्मीबाई आणि मुकुंद यांच्यासमवेत त्यांचा लाडका कुत्रा टॉबीही आहे. ज्या समाजाला गावातील पशूंपेक्षाही हीन लेखले गेले, त्या समाजाच्या उद्धारकर्त्याने पशूविषयी मनात कटुता ठेवली नाही, हे या छायाचित्रावरून ध्यानात येते.

शक्तीप्रमाणे काम

दीघनिकायातील 'सिगालोवाद सुत्ता'त मालकाने सेवकाशी कसे वागावे हे सांगताना पहिलीच अट अशी घातली आहे की, काम त्याच्या शक्तीप्रमाणे द्यावे. त्यानंतर अन्न व वेतन, आजारात शुश्रूषा, चांगल्या पदार्थांचा वाटा आणि वेळेवर विश्रांती येते. ही अट येथे दोनदा लागू होते. एकदा प्राण्याला आणि एकदा मुलीला.

सहा ते आठ वर्षांच्या मुलीकडून रोज नेमाने होण्यासारखी कामे मोजकीच आहेत : सकाळ-संध्याकाळ पाण्याचे भांडे धुऊन भरणे, चारा टाकणे, दावे गळ्याला काचत नाही ना हे पाहणे, आणि प्राणी नेहमीसारखा खातो-पितो की नाही हे घरच्यांना सांगणे. शेवटचे काम सर्वांत मोलाचे आहे. कारण ते सतीचे, म्हणजे जागरूकतेचे शिक्षण आहे. परंतु अंतिम जबाबदारी मोठ्या माणसाचीच असते. मुलगी एखाद्या दिवशी पाणी ठेवावयास विसरली, तर तिला धडा मिळावा म्हणून करडाला तहानलेले ठेवणे हा अधम्म होय. पाणी आपण ठेवावे आणि सायंकाळी तिच्याशी बोलावे. एका जीवाच्या तहानेवर दुसऱ्याचे शिक्षण उभारता येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले. ज्या भागाने हे पाहिले आहे, तेथे भर उन्हाळ्यात प्राण्यापुढे ठेवलेल्या भांडेभर पाण्याचे मोल मुलांस वेगळे सांगावे लागणार नाही.

याहून महत्त्वाचा इशारा असा की, मुलीचे करडू आणि मुलीने राखावयाची शेरडे या दोन गोष्टी एक नव्हेत. करडाच्या लाडाने सुरुवात व्हावी आणि दोन वर्षांनी तीच मुलगी शाळा सोडून बांधावर शेळ्या राखताना दिसावी, असे घडत असेल तर तो सांभाळ नसून मुलीचे शोषण आहे. सिगालोवाद सुत्तातच आईवडिलांच्या कर्तव्यांत अपत्यास विद्या व शिल्प शिकविणे येते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत व सक्तीचे शिक्षण हा हक्क दिला आहे. शाळेची घंटा आणि करडाचे काम यांत संघर्ष आला, तर काम घरच्या मोठ्यांनी उचलावे. जी कुटुंबे दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठी चार-पाच महिने बाहेर जातात, त्यांनी मागे प्राणी कोण सांभाळणार हे ठरल्याशिवाय मुलीला तो देऊ नये.

कोणता प्राणी द्यावा, कोणता देऊ नये

येथे काही गोष्टी स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली गुन्हा आहे. सम्राट अशोकाने राज्याभिषेकास २६ वर्षे झाल्यावर कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची जी यादी दिली, तिच्या आरंभीच पोपट आणि मैना यांची नावे आहेत, हे येथे आठवते. जत्रेत व आठवडी बाजारात मिळणारी हिरवी-गुलाबी रंगविलेली कोंबडीची पिल्लेही घेऊ नयेत. अंड्यांसाठीच्या जातींतील नर पिल्ले उबवणी केंद्रांना निरुपयोगी असल्याने ती रंगवून स्वस्तात विकली जातात. आईच्या उबेविना त्यांतील पुष्कळशी काही दिवसांतच दगावतात. मुलीच्या हाती जीव देण्याऐवजी आपण तिच्या हाती मृत्यू देतो.

कुत्र्या-मांजराचे पिल्लू घेतल्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने त्याला वेळेवर रेबीजची लस टोचून घ्यावी. पिल्लू चावले किंवा त्याने ओरखडले तर मुलीने ते लपवू नये, यासाठी तिला आधीच अभय द्यावे. मारले जाण्याच्या भीतीने मुले अशी गोष्ट दडवितात. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. हळद, चुना, मंत्रतंत्र यांचा काही उपयोग नाही; रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण सहसा वाचत नाही. पक्ष्यांच्या बाबतीतही सावधगिरी हवी. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लूचा विषाणू आढळला होता. मेलेल्या पक्ष्यास मुलांनी हात लावू नये, आणि कोणत्याही प्राण्यास हाताळल्यावर हात धुवावेत, हा नियम घरात पक्का असावा.

बाजाराचा दिवस

आता दुसऱ्या, कठीण प्रश्नाकडे वळू. करडू मोठे होते. घरात पैशाची निकड येते, आणि बोकडाला बाजारात भाव असतो. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात किंवा माळेगावच्या यात्रेत जनावरांचे व्यवहार होतात, हे मुलीलाही माहीत असते. परंतु आपले करडू त्यांतले नव्हे, असे तिने मनाशी धरलेले असते.

अंगुत्तरनिकायात उपासकाने न करण्याच्या पाच व्यापारांत शस्त्र, मद्य आणि विष यांच्यासह प्राण्यांचा व मांसाचा व्यापार सांगितला आहे. अट्ठकथेनुसार यांतील 'सत्तवणिज्जा' म्हणजे माणसांची विक्री, आणि 'मंसवणिज्जा' म्हणजे डुकरे, हरणे इत्यादी पोसून त्यांची विक्री. हा अर्थ घेतला तर शेळीपालन करणाऱ्या आपल्या शेकडो कुटुंबांपुढे अडचण उभी राहते, ती नाकारण्यात अर्थ नाही. दुसरीकडे बाबासाहेबांनी अहिंसेचे विवेचन करताना नियम आणि तत्त्व यांत फरक केला आहे. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व त्याला विचार करण्याचे स्वातंत्र्य देते. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांतही त्यांनी भेद केला. ज्यांच्याजवळ जमीन नाही, अशा उपासिकेला शेळी विकू नकोस, असे आम्ही या पानांवरून सांगणार नाही. मात्र तत्त्व स्वातंत्र्य देते, तसे ते विचाराची जबाबदारीही देते. ती जबाबदारी अशी की, जे विकावयाचे आहे ते मुलीला 'तुझे' म्हणून देऊ नये. आणि जे 'तुझे' म्हणून दिले, ते विकू नये.

हा निर्णय करडू हाती देण्यापूर्वीच करावयाचा असतो. घरात तीन करडे असतील आणि एखादेच विकल्यावाचून राहता येत असेल, तर पाठ मुलीला द्यावी. ती पुढे शेळी होऊन घरीच राहते, दूध देते, आणि मुलीचा शब्दही राहतो. एकही राखता येत नसेल, तर तसे आरंभीच सांगावे : हे करडू आपल्याकडे काही महिने राहणार आहे, तोवर तू त्याची काळजी घे. सात वर्षांच्या मुलीला हे सांगणे कठोर वाटेल. परंतु 'अम्बलट्ठिक राहुलोवाद सुत्त' अट्ठकथेप्रमाणे सात वर्षांच्याच राहुलाला उपदेशिलेले आहे, आणि त्याचा आरंभ असत्याच्या निषेधाने होतो. थट्टेतही खोटे बोलू नये, अशी शिकवण तेथे आहे. अशोकाने भाब्रू शिलालेखात भिक्खू व उपासकांनी वारंवार ऐकावयाच्या धम्मग्रंथांत असत्याविषयीचा हाच राहुलास केलेला उपदेश नमूद केला आहे. मग 'करडू मामाच्या गावाला गेले', 'कुठेतरी पळाले' असे सांगणारे आईवडील मुलीला चौथे शील कोणत्या तोंडाने शिकविणार? मुले असत्य आज ना उद्या ओळखतातच. त्या दिवशी तिचे करडू तर गेलेले असतेच. आईच्या शब्दावरील विश्वासही जातो, आणि तो बाजारातून परत आणता येत नाही.

त्याच सुत्तात भगवंत राहुलाला आरशाचा दृष्टांत देतात. आरसा जसा पाहण्यासाठी, तसे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर पाहावे : याने मला, दुसऱ्याला की दोघांना पीडा होते? हे तीन वेळचे पाहणे मुलीला करडाच्या निमित्ताने शिकविता येते, आणि पालकांनी ते स्वतःलाही लावून पाहावे. अशोकाच्या त्याच पाचव्या स्तंभलेखात गाभण व दूध पाजणाऱ्या शेळ्या-मेंढ्या आणि सहा महिन्यांच्या आतील पिल्ले अवध्य ठरविली आहेत. मांसाहार सर्वस्वी बंद न करणाऱ्या राजानेही आई आणि पिल्लू यांच्या ठिकाणी मर्यादा घातली. आपण निदान तेवढी मर्यादा पाळावी.

मृत्यू आला तर

कधी बाजार नव्हे, तर आजारच करडाला नेतो. अशा वेळी घाईने दुसरे तसेच करडू आणून मुलीचे रडे थांबवू नये. किसा गोतमीला तथागतांनी मृत बालकाच्या जागी दुसरे काही दिले नाही. ज्या घरात मृत्यू झाला नाही अशा घरातून मोहरी आणावयास पाठविले. मुलीला रडू द्यावे, करडू पुरताना तिला सोबत घ्यावे, आणि आपण त्याची काळजी नीट घेतली होती की कोठे चुकले, हे तिच्याशी मोकळेपणे बोलावे. दैव, नवस किंवा दृष्ट यांना दोष देऊ नये. कारण शोधणे हाही धम्माचाच भाग आहे. लस राहून गेली असेल, तर पुढच्या करडाची राहू नये.

राज्यघटनेच्या ५१ अ (ग) या अनुच्छेदाने प्राणिमात्रांविषयी भूतदया बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे. हा अनुच्छेद १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आला. कर्तव्य कागदावर लिहून अंगी बाणत नाही. ते लहानपणी, एका जिवंत आणि आपल्यावर विसंबलेल्या जीवाच्या सहवासात रुजते. म्हणून पहिल्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे : घरात पाणी, चारा आणि लक्ष देणारे मोठे माणूस असेल, तर मुलीला करडू जरूर द्यावे. आणि दुसऱ्याचे असे : देण्यापूर्वी पुढचे ठरवावे, ठरविलेले तिला सांगावे, आणि सांगितलेले पाळावे.